स्टेजचे लाइट फोनवरून चालवायचे, तर कुठल्या वाटेने?

"सगळं फोनवर घ्यायचं म्हणायलोय बे, कुठलं घेऊ?" यंदाच्या हंगामात हा प्रश्न मला तिसऱ्यांदा आला. विचारणारा मित्र हौशी नाटकांचे लाइट करतो आणि एरवी लग्नाच्या रिसेप्शनची, मंडळाच्या कार्यक्रमांची कामं घेतो. सोलापुरात अशी दोन्हीकडची कामं करणारे बरेच आहेत, म्हणून त्याला दिलेलं उत्तर जरा सविस्तर लिहितो.

मी आधी त्याला उलट विचारलं, "आत्ता टेबल कुठलं आहे?" टेबल म्हणजे दिवे चालवायचा कन्सोल, आणि चॅनल म्हणजे दिव्याची एकेक चालवता येणारी गोष्ट, तेज किंवा रंग. हे विचारलं, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतं ते १९२ चॅनलचं छोटं टेबल, नाहीतर अॅव्होलाइट्सच्या पर्ल टेबलाच्या धर्तीवर बनवलेलं चिनी टेबल. या दोन्हींच्या मागे फक्त डीएमएक्सचे, म्हणजे टेबलाकडून दिव्यांना हुकूम नेणाऱ्या केबलचे सॉकेट असतात, नेटवर्कचा सॉकेट नसतो. फोनला आत शिरायला दारच नाही. अँटेना असलेल्या वायरलेस डीएमएक्सच्या जोड्या बाजारात मिळतात, त्या घेऊन फोन चालेल अशी अनेकांची समजूत होते. पण ती जोडी टेबल आणि लाइट यांच्यामधली केबल वाचवते, एवढंच तिचं काम. टेबलासमोर माणूस बसवावाच लागतो. हा फरक न कळल्यामुळे पैसे घालवलेले दोघं माझ्या ओळखीत आहेत.

फोनसाठी खऱ्या वाटा तीन. त्यांच्यात निवड करताना मी एकच गोष्ट बघतो: क्यू, म्हणजे ठरवून ठेवलेले लाइटचे बदल, कुठे साठवलेले आहेत आणि फोनचा संपर्क तुटला तर लाइटचं काय होईल.

नेटवर्कचं टेबल आणि त्याचं अॅप

अॅव्होलाइट्सच्या टायटन टेबलांसाठी टायटन रिमोट, कॅमसिसच्या मॅजिकक्यूचं रिमोट अॅप, ईटीसीच्या इऑससाठी आयफोनवर आयआरएफआर आणि अँड्रॉइडवर एआरएफआर, ग्रँडएमएला ब्राउझरमधून चालणारा वेब रिमोट. टेबलाला केबलने राउटर जोडायचा, फोन त्या राउटरच्या वायफायवर घ्यायचा. फोन फक्त बटण दाबल्याचा निरोप टेबलाला देतो. शो, म्हणजे सगळे क्यू, टेबलात असतो, डीएमएक्सही टेबलच पाठवतं. वायफाय गेलं तर लाइट आहे तसा राहतो आणि टेबलासमोरचा माणूस पुढचा क्यू देतो. प्रेक्षकाला कळतही नाही.

या वाटेचा खरा फायदा प्रयोगात नाही, फोकसिंगमध्ये, म्हणजे प्रत्येक दिवा हव्या त्या जागी वळवून लावण्यात आहे. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात स्पर्धेचं नाटक लावताना रंगमंच आपल्या हातात मोजका वेळ असतो. एक जण शिडीवर, एक मागे टेबलापाशी, मधून नेपथ्यवाल्यांची ठोकाठोक. "सात दे! सात! अरे सतरा नाही, सात!" यात अर्धा वेळ जातो आणि घसा बसतो तो वेगळाच. फोन हातात असला की शिडीखाली उभं राहून सातवा चॅनल आपणच लावायचा, वरच्याने दिवा वळवायचा, की आठवा. दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. तिसऱ्या रांगेत बसून लाइट बदलता येतो. पगडीची सावली डोळ्यांवर पडते का, नटीचा चेहरा मागच्या निळ्यात बुडतो का, हे टेबलामागून दिसत नाही. प्रेक्षक बसतो तिथे बसून लाइट घडवता येणं हे प्रकाशयोजना करणाऱ्याला मिळालेलं मोठं सुख आहे.

अडचण टेबलाची. असं टेबल आपण विकत घेत नाही, ते भाड्याने येतं आणि सोबत त्याचा ऑपरेटर येतो. त्याला आदल्या दिवशीच विचारून ठेवा. टायटन रिमोटची आवृत्ती टेबलातल्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीशी जुळावी लागते, हेही आधीच बघून घ्या. ऐनवेळी हॉलमध्ये अॅप उतरवत बसलात तर वाचलेला वेळ तिथेच जाईल.

लॅपटॉप, क्यूएलसी प्लस आणि ब्राउझर

हौशी संघांना मी हीच वाट सांगतो. क्यूएलसी प्लस हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक, रास्पबेरी पाय या सगळ्यांवर चालतं. त्यात व्हर्च्युअल कन्सोल म्हणून एक पान असतं, त्यावर आपल्याला हवी ती बटणं, फेडर (तेज कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्ट्या), क्यूची यादी मांडता येते. चौथ्या आवृत्तीत प्रोग्राम वेब पर्यायासह सुरू केला की तेच पान फोनच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता आणि पोर्ट ९९९९ टाकून उघडतं. अॅप लागत नाही, त्यामुळे अँड्रॉइड की आयफोन हा प्रश्नच येत नाही. क्यू लॅपटॉपमध्येच असतात, म्हणून फोन बंद पडला तरी लॅपटॉपवर स्पेसबार दाबायला माणूस असला की झालं. ते बटण मात्र आधी नेमून ठेवा.

लॅपटॉपवर छान दिसणारं पान फोनवर मुंगीएवढं दिसतं. फोनसाठी वेगळी चौकट करा, पाच-सहा मोठी बटणं: पुढचा क्यू, मागचा क्यू, जनरल (स्टेजभरचा साधा उजेड), ब्लॅकआउट, एखादा मास्टर (सगळं एकदम कमी-जास्त करणारा फेडर). फोनवरचा फेडर बोटाला जाणवत नाही, बघावंच लागतं. त्यामुळे सावकाश उतरणारा फेड हाताने करू नका, त्याची सेकंदं क्यूमध्येच भरा.

लॅपटॉपमधून डीएमएक्स बाहेर काढायला डोंगल, म्हणजे यूएसबीला लावायची छोटी डबी, लागतं. स्वस्त डोंगलमध्ये स्वतःचा प्रोसेसर नसतो, वेळ सांभाळण्याचं काम लॅपटॉप करतो आणि तो दुसऱ्या कामात गुंतला की दिवे थरथरतात. प्रोसेसर असलेलं डोंगल महाग पडतं, पण इथे काटकसर करू नका.

चॅनल पुरतील का, ही शंका बहुतेकांना असते. १९८६ साली ठरलेल्या डीएमएक्सच्या एका लाइनवर ५१२ चॅनल मिळतात. ७ चॅनलचे २४ एलईडी पार (साधे रंगीत दिवे) म्हणजे १६८, त्यात १६ चॅनलच्या ४ शार्पी (फिरणारे झोतदिवे) म्हणजे ६४, मिळून २३२. अर्धी लाइनसुद्धा भरत नाही.

जुनं १९२चं टेबल विकू नका. त्यात १२ लाइट, प्रत्येकी १६ चॅनल अशी मांडणी असते. तीन-तीन पार एका पत्त्यावर, म्हणजे एकाच सुरुवातीच्या चॅनल नंबरावर घेऊन आठ गट करा, चार शार्पी वेगळ्या ठेवा, बरोबर १२ होतात. पत्ते १, १७, ३३ असे १६-१६ च्या अंतराने द्या. मग लॅपटॉप अडला तर डोंगलमधली केबल काढून जुन्या टेबलात खोचली की निदान जनरल लाइट मिळतो.

फोन हेच टेबल

तिसऱ्या वाटेत मधलं काहीच नसतं. आयफोन-आयपॅडवरचं ल्युमिनेअर अॅप आर्ट-नेट आणि एसएसीएन हे नेटवर्कवरचे दोन्ही प्रोटोकॉल पाठवतं, अँड्रॉइडवरही आर्ट-नेट पाठवणारी अॅप्स आहेत. स्टेजवर एक छोटा नोड ठेवायचा, तो नेटवर्कचं डीएमएक्स करून देतो. ब्लूटूथवर चालणारे पारही निघालेत, पण त्या कंपनीचं अॅप त्या कंपनीच्याच दिव्यांशी बोलतं.

पिशवीत मावणारी आणि सगळ्यात हलकी व्यवस्था हीच. दुकानाचं उद्घाटन, घरचा वाढदिवस, सहा दिव्यांचा एकपात्री प्रयोग, इथे मी ती आनंदाने वापरतो. नाटकाला वापरत नाही. इथे क्यूही फोनमध्ये आणि डीएमएक्सचा प्रवाहही फोनमधूनच. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांचा नाच ऐन रंगात असताना मला फोन आला, अॅप मागे गेलं आणि स्टेज लाल रंगात अडकलं. नोड शेवटचा लाइट धरून ठेवण्यावर लावला होता, म्हणून निदान अंधार झाला नाही. ती सेटिंग नसती तर बावीस मुलं अंधारात एकमेकांवर आपटली असती. ही वाट धरलीत तर नोडमधली ती सेटिंग आधी बघा आणि फोन विमान मोडवर टाकून फक्त वायफाय चालू ठेवा.

तिन्हींना लागणारा राउटर

हॉलच्या किंवा कुणाच्या हॉटस्पॉटच्या भरवशावर राहू नका, राउटर स्वतःचा न्या. ५ गिगाहर्ट्झच्या वायफायचा घ्या. २.४ गिगाहर्ट्झवर प्रेक्षकांचे फोन असतात, बरेच स्वस्त वायरलेस माइक असतात आणि वायरलेस डीएमएक्सही बहुधा तिथेच असतं. २.४ वरच राहावं लागलं तर १, ६ किंवा ११ यांतला वायफायचा मोकळा चॅनल निवडा. राउटर माणसांच्या डोक्यांच्या वर टांगा. माणसाच्या शरीरातलं पाणी हे सिग्नल शोषतं, म्हणून तालमीत रिकाम्या हॉलमध्ये झकास चाललेलं वायफाय भरलेल्या हॉलमध्ये अडखळतं.

राउटरला इंटरनेट नसलं की अँड्रॉइड फोन आपणहून मोबाइल डेटावर सरकतो, डेटा बंद ठेवा. आयफोनवर आयओएस १४ पासून अॅपला स्थानिक नेटवर्कची परवानगी द्यावी लागते. ती चुकून नाकारली असेल तर अॅपला टेबल सापडतच नाही आणि माणूस तासभर केबल तपासत बसतो. वीज सेकंदभर गेली तरी राउटर पुन्हा उभा राहायला मिनिट-दोन मिनिटं घेतो, त्याला छोटा यूपीएस हवाच. मे महिन्यातल्या लॉनवरच्या रिसेप्शनला संध्याकाळीही आपल्याकडे हवा तापलेली असते. चार्जिंगला लावलेला फोन गरम होऊन स्क्रीन मंद करतो, अशा कामाला दुसरा फोन तयार ठेवा.

मित्राला मी दुसरी वाट सांगितली. नाटकाला मोठं टेबल भाड्याने आलं तर फोकसिंगपुरती पहिली, घरगुती कामांना तिसरी. त्याने प्रोसेसरवालं डोंगल मागवलं, नवी पेठेतून राउटर आणला आणि जुनं टेबल टेम्पोतच ठेवलं. रंगीत तालमीला तो तिसऱ्या रांगेत बसून क्यू देणार आहे, लॅपटॉपपाशी त्याचा धाकटा भाऊ.