इग्नूचा डीईसीई डिप्लोमा: पाळणाघरात काम करणाऱ्या सगळ्या ताई-बेनसाठी सविस्तर

5 पैकी 4 स्टार देतेय, एक का कापला ते पुढे सांगते.

आधी हे कोणासाठी लिहितेय ते सांगते. आपल्या बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागात कितीतरी मराठी बायका घोडियाघरात (म्हणजे पाळणाघरात) नाहीतर प्ले ग्रूपमध्ये काम करतात, बारावी झालेली असते, मग लग्न, घर, मुलं आणि कॉलेज राहून जातं ते राहूनच जातं. मी पण त्यातलीच. काम येतं, पालक विश्वासाने मूल हातात देऊन जातात, पण कागदावर विचारलं शिक्षण काय तर बारावी पास, बस. आणि कामाची गरज तर वाढतेच आहे, 2017 पासून 50 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला पाळणाघराची सोय करावी लागते असा कायदा झालाय, आपल्या मकरपुऱ्याकडे केवढे कारखाने आहेत बघा, पण तिथे घेताना पण शिक्षण विचारणारच ना.

तर डीईसीई म्हणजे अर्ली चाइल्डहुड केअर अँड एज्युकेशनचा डिप्लोमा, इग्नूचा, म्हणजे घरी बसून शिकवणाऱ्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, बारावीनंतर करता येतो, कमीत कमी 1 वर्षाचा. एकूण 32 क्रेडिट, 8-8 चे चार भाग. इग्नूच्या हिशोबात 1 क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास, म्हणजे 960 तास झाले, त्यात वाचन, असाइनमेंट, प्रॅक्टिकल सगळं आलं. नोकरी सांभाळून होतं पण आरामात होतं असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका, रात्री जेवणं उरकल्यावर पुस्तक घेऊन बसावंच लागतं.

अभ्यासक्रमाबद्दल मात्र मनापासून चांगलं बोलेन. मूल जन्मल्यापासून शाळेत जाईपर्यंत कसं वाढतं, पाळणाघर कसं चालवायचं, आहार, लसीकरण, जुलाब झाले तर काय करायचं, अंगणवाडी आणि बाकीच्या सरकारी योजना, ज्या मुलांना जास्त मदत लागते त्यांच्यासाठी काय करायचं, आणि शेवटचा 8 क्रेडिटचा भाग पूर्ण प्रोजेक्टचा, ज्यात खरोखर मुलांबरोबर काम करून ते लिहून काढायचं असतं. आपण रोज जे बघतो त्याचं कारण इथे कळतं. दीड-दोन वर्षांची दोन मुलं शेजारी बसून आपापलं खेळतात, एकमेकांशी खेळत नाहीत, आपल्याला वाटतं याला मित्र नाहीत की काय, तर ते त्या वयाचं खेळणंच तसं असतं. किंवा एखादं पोर चावतं, आणि त्याच्या आईला बोलावून आपण तक्रार करतो, पण पुष्कळदा त्याला हवं ते सांगायला अजून शब्दच नसतात. हे वाचल्यावर मी मुलांशी बोलायलाच वेगळं लागले, आणि पालकांशी पण. नुसतं यासाठीसुद्धा मी हा कोर्स सुचवला असता.

पण माझा मुख्य मुद्दा क्रेडिटचा आहे. आमच्याकडे एक ताई आहेत, माझ्यापेक्षा सीनियर, मूल कितीही रडत असो त्यांच्या खांद्यावर गेलं की शांत होतं. त्यांनी एका खासगी क्लासमधून वर्षभराचं नर्सरी टीचर ट्रेनिंग केलं, फी भरपूर, सर्टिफिकेट जाड कागदाचं सोनेरी बॉर्डरवालं, त्यावर इंटरनॅशनल वगैरे सगळं छापलेलं. पुढे बीएला हे धरतात का म्हणून चौकशीला गेल्या तर पहिला प्रश्न, किती क्रेडिट आणि कुठली युनिव्हर्सिटी? सर्टिफिकेटवर दोन्ही नाही. एवढ्या कामसू बाईचं अख्खं वर्ष कुठेच मोजलं गेलं नाही याचा मला अजून राग येतो. म्हणून फी भरायच्या आधी कुठल्याही क्लासला हे दोन प्रश्न विचारा, गोलगोल उत्तर आलं तर सरळ उठून या.

इग्नूत क्रेडिट असतात आणि ते अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे एबीसीत जातात. ही सोय 2021 मध्ये सुरू झाली, डिजिलॉकरमधून 12 आकडी आयडी निघतो आणि पासबुकासारखं तुमच्या नावावर सगळं दिसतं. आधार, दहावी-बारावीची मार्कशीट आणि लग्नानंतरचं नाव हे आधी जुळवून घ्या, आपल्या बायकांचं अडतं ते बहुतेक तिथेच. क्रेडिट जास्तीत जास्त 7 वर्षं धरतात, म्हणजे डिप्लोमा करून मुलं मोठी होईपर्यंत थांबू असं करू नका. नव्या पद्धतीत कॉलेजचं एक वर्ष साधारण 40 क्रेडिटचं असतं, त्यासमोर 32 ठेवून बघा, कमी नाहीत.

आता कापलेला स्टार. 32 क्रेडिट आहेत म्हणजे कोणी तुम्हाला थेट बीएच्या दुसऱ्या वर्षात बसवेल असं नाही. एबीसी फक्त जपून ठेवते, त्यातलं काय धरायचं आणि कुठल्या विषयात धरायचं हे जी युनिव्हर्सिटी डिग्री देणार ती ठरवते, शिवाय निदान अर्धे क्रेडिट तिच्याकडेच मिळवावे लागतात. माझ्या मते शिशुसंगोपनाचा डिप्लोमा आणि त्याच विषयाची डिग्री यांच्यामध्ये सरळ जिना पाहिजे होता, तो नाही, प्रत्येकीला आपापलं विचारत फिरावं लागतं. माझी मामेबहीण अमेरिकेत डेकेअरमध्ये आहे, तिकडे सीडीए नावाचं सर्टिफिकेट असतं, 120 तासांचं ट्रेनिंग आणि 480 तासांचा कामाचा अनुभव, आणि बरीच कम्युनिटी कॉलेजं त्याचे क्रेडिट डिग्रीत धरतात, पण किती ते तिथेही कॉलेजवरच असतं म्हणे. म्हणजे विचारणं कुठेच सुटत नाही.

बडोद्यात राहून हा विषय घ्यायचा तर एम. एस. युनिव्हर्सिटी आहेच, 1950 पासूनची होम सायन्स फॅकल्टी, आता फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस म्हणतात, हंसाबेन मेहता कुलगुरू असतानाची. तिथे ह्यूमन डेव्हलपमेंटचा विभाग आहे आणि त्यांची स्वतःची चेतन बालवाडी. मुलगी आत्ता बारावीत असेल तर तिला बेधडक तिथे घाला. पण ती दिवसाची कॉलेजं, नोकरी करणारीला जमत नाही, तिच्यासाठी इग्नू बरं.

प्रवेश जानेवारी आणि जुलै असे दोनदा असतात. प्रोजेक्टसाठी तुमचं स्वतःचं पाळणाघर चालेल का ते स्टडी सेंटरला आधीच विचारून घ्या. आणि पुढे डिग्रीला जाल तेव्हा क्रेडिट धरणार का हे ईमेलवर विचारा, तोंडी नको, ते उत्तर आणि डिप्लोम्याचा पूर्ण सिलॅबस एकाच फाइलला लावून ठेवा, कारण समोरचे विषय जुळवताना सिलॅबसच मागतात.