घरपोच जनुक किट की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची तपासणी?

आईला पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग झाला. आता मुलीला प्रश्न पडलाय, तो धोका जनुकांतून आपल्याकडे आलाय का हे बघायला ऑनलाइन किट मागवायचं की नाशिकमधल्याच कर्करोगतज्ज्ञांना दाखवायचं? किट स्वस्त आणि सोपं आहे. पण किंमत बघण्याआधी दोन गोष्टी बघा: तपासलं काय जातं, आणि चुकलं तर उत्तर कोण देणार.

किटमध्ये अर्धा तास काही न खाता-पिता साधारण २ मिलि लाळ नळीत जमा करायची आणि कुरियरने पाठवायची. बहुतेक किटमधली लाळ प्रयोगशाळेत जनुक-चिपवर तपासतात. चिप पूर्ण जनुक वाचत नाही, आधी ठरवलेल्या जागाच तपासते. ट्वेन्टीथ्री अँड मी या अमेरिकी कंपनीच्या बीआरसीए चाचणीला (बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी जोडलेली दोन जनुकं) २०१८ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा तिच्यात ३ बदल तपासले जात, तेही मुख्यतः अश्केनाझी ज्यू (मूळच्या मध्य-पूर्व युरोपातल्या ज्यू) समाजात आढळणारे. या दोन जनुकांत हजारो घातक बदल नोंदलेले आहेत. म्हणजे ‘काही सापडलं नाही’ या निकालावर निर्धास्त होता येत नाही. उलट बाजूही तितकीच वाईट आहे: २०१८ च्याच एका अभ्यासात अशा किटच्या कच्च्या, म्हणजे न पडताळलेल्या डेटातले ४० टक्के बदल फेरतपासणीत खोटे ठरले.

डॉक्टरांच्या मार्गात आधी तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढतात. आई हयात असेल तर पहिली तपासणी तिचीच करा. तिच्यात बदल सापडला तर मुलीत नेमका तोच शोधता येतो. आईला न तपासता मुलीचा अहवाल कोरा आला, तर त्यावरून फारसं काही कळत नाही. जांभळ्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए नळीत रक्त घेतात, जनुक पूर्ण वाचतात, अहवालाला काही आठवडे लागतात. त्यात ‘व्हीयूएस’ लिहिलेलं असेल तर त्या बदलाचा अर्थ अजून ठरलेला नाही. तेवढ्यावर शस्त्रक्रिया करून घेऊ नका.

लग्नाआधी थॅलेसेमिया किंवा सिकलसेल हे रक्ताचे आनुवंशिक आजार बघायचे असतील, तर सुरुवातीला जनुक तपासणीच्या या दोन्ही वाटा सोडा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) करा. एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर बीटा थॅलेसेमियाचा वाहक (स्वतः आजारी नसला तरी दोष मुलांना देऊ शकणारा) असण्याची शक्यता. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खाली दिसू शकतो, आणि गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर निकालावर विसंबू नका. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, कळवण या आदिवासी भागातल्या कुटुंबांनी सिकलसेलची तपासणी टाळू नये.

आता जबाबदारीचं बघू. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ खटल्यात ठरवलं. सर्वांनाच मोफत उपचार देणारं रुग्णालय मात्र त्यातून वगळलं आहे, तिथे दिवाणी दाव्याचा रस्ता उरतो. निदान चुकलं म्हणजे निष्काळजीपणा झालाच असं नाही. त्या शाखेच्या सर्वसाधारण कुशल डॉक्टराने घेतली असती तेवढी काळजी घेतली का, हे तपासलं जातं. म्हणून तुम्ही किटचा अहवाल दाखवलात, तर त्यातली चूक डॉक्टरांची नाही. पण फेरतपासणी न करता त्यावर अंडाशय काढायला सांगितलं, किंवा घरात कर्करोगाचा ठळक इतिहास असूनही कागद बाजूला सारला, तर ते अडचणीत येऊ शकतात.

किट कंपनी बारीक अक्षरांत ‘निदानासाठी नाही’ असं छापते, त्यामुळे तिच्याविरुद्धची तक्रार अवघड होते. ‘अन्यायकारक करार’ म्हणून त्या अटींना आव्हान द्यायचं तर ते जिल्हा ग्राहक आयोगात होत नाही, राज्य ग्राहक आयोगात जावं लागतं. सेवेतल्या त्रुटीची साधी तक्रार मात्र तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, म्हणजे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात. मुदत २ वर्षं. सेवेसाठी तुम्ही मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.

यासाठी कागद लागतात: पावती, संमतीपत्र, समुपदेशनाची लेखी नोंद. डॉक्टरांकडे लेखी मागितल्यावर ७२ तासांत नोंदी मिळायला हव्यात. संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा, आईच्या किंवा बहिणीच्या धोक्याबद्दल काही निघालं तर ते कुणाला आणि कसं सांगायचं, आणि ते उत्तर त्याच कागदावर लिहून घ्या.