सोयाबीन आत्ता विकावं, तारण ठेवावं की हमीभावाची वाट बघावी?

मळणी उरकली की कराडपासून पलूसपर्यंत घरोघरी हाच विषय. पोती सोप्यात थापी मारून ठेवलेली, हरभऱ्याच्या बियाण्याला आणि उसाच्या खताला पैसे हवेत, आणि पारावरचा एखादा सांगतो, "थांब की जरा, भाव वाढतोय."

आधी भाव वाचायची गोष्ट. बाजार समितीच्या रोजच्या दरात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे असतात. आपण कमाल बघतो आणि गाडी भरतो. तो दर त्या दिवशीच्या सगळ्यात वाळल्या, स्वच्छ मालाचा असतो, कधीकधी दोन-चार पोत्यांचाच. हिशोब धरायचा तो सर्वसाधारण दराचा, आणि शेजारी लिहिलेली आवकही बघायची.

लगेच विकण्यात पैसा हातात येतो, घट आणि उंदीर यांची काळजी नाही. पण दिवाळीच्या आसपास सगळ्यांचाच माल बाजार समितीच्या यार्डात असतो. ओलाव्याची कपात तिथं सगळ्यात जास्त सोसावी लागते.

तारणाचं, म्हणजे माल गोदामात गहाण ठेवून कर्ज उचलण्याचं, गणित मात्र नीट बसून करण्यासारखं आहे. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत सोयाबीनच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, व्याज ६ टक्के, मुदत १८० दिवस. समजा २० क्विंटल माल आहे आणि दर ४,३०० रुपये. किंमत ८६,००० झाली, कर्ज ६४,५०० मिळालं. तीन महिन्यांचं व्याज ९६७ रुपये, म्हणजे क्विंटलला ४८. आता घट धरा. १२ टक्के ओलाव्याचा माल १० टक्क्यांवर आला की क्विंटलमागे सव्वादोन किलो वजन जातं, त्याचे ९५ रुपये. वर हमाली आणि वाहतूक. दर दीड-दोनशेनं वाढला तरी तुम्ही जिथल्या तिथंच! थांबून फायदा हवा असेल तर वाढ त्याहून मोठी लागते.

ती वाढ कुठून येणार? सोयाबीन गाळलं की साधारण १८ टक्के तेल निघतं, बाकी बहुतेक पेंड. त्यामुळे पेंड खपली तरच भाव उठतो. आपल्या बिगर-जीएम (जनुकीय बदल न केलेल्या बियाण्याच्या) पेंडीला परदेशात खास गिऱ्हाईक आहे, पण अर्जेंटिना-ब्राझीलची पेंड स्वस्त मिळाली की आपली निर्यात मंदावते. देशातही मका-तांदळापासून इथेनॉल काढून उरलेला चोथा कोंबडीखाद्यात पेंडीची जागा घेतोय. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, तरीही त्या हंगामात बाजार ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच राहिला. मे २०२५ मध्ये ते शुल्क १० टक्क्यांवर आणलं. २०२१ मध्ये भाव दहा हजारांवर गेला, तेव्हा ऑगस्टमध्ये १२ लाख टन जीएम पेंड आयातीला परवानगी मिळाली आणि नवा माल येईतो बाजार खाली बसला. थांबणाऱ्यानं हे सगळं धरूनच थांबावं, पारावरच्या बोलण्यावर नको.

हमीभाव २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये आहे. बाजारापेक्षा हजारभर जास्त मिळत असेल तर हमीभाव केंद्रावर विकायला लागणाऱ्या नोंदणीची खटपट करावीच. सातबारा, पीकपेरा, आधार, बँक पासबुक तयार ठेवा. अडचण दोन ठिकाणी येते: १२ टक्क्यांच्या ओलाव्याची अट आणि पैसे जमा होईपर्यंतचा वेळ. देणं अंगावर असलेल्या माणसाला तो वेळ फार जड जातो.

माझा कौल असा. नोंदणी पहिल्याच दिवशी करून ठेवा. गरजेपुरता, निम्म्याच्या आत माल यार्डात विका. उरलेला ताडपत्रीवर चार कडक उन्हं देऊन वाळवा. दाणा दाताखाली दबला तर अजून ओला आहे, कटकन फुटला तरच पोत्यात भरा. आमच्या घरी एकदा पावसात सापडलेला माल घाईनं थापीला लावला होता. महिन्यानं पोत्यात हात घातला तर आत ऊब आणि कुबट वास. तो माल पडेल त्या भावानं द्यावा लागला. म्हणून ओल्या मालाला तारण नको, तो विकूनच मोकळं व्हा.

हमीभाव केंद्रावर नंबर लागला तर उरलेला माल तिकडे द्या. नाही लागला तर तो तारणात ठेवा, पण १८० दिवस पूर्ण ताणू नका. ब्राझीलचं नवं पीक फेब्रुवारी-मार्चमध्ये जगाच्या बाजारात उतरतं. मी तरी जानेवारीअखेरपर्यंत माल मोकळा करतो.