घरी बनवलेला संप: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

संप म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीखाली, कपाटात ठेवायची दुसरी टाकी; वरचं पाणी तिच्यात उतरून साफ होतं आणि पंपाने परत वर जातं. तयार संपाची किंमत विचारली की निम्मे लोक दुकानातून परत गप्पींकडे, म्हणजे गोड्या पाण्यातल्या साध्या माशांकडे वळतात. मी दिवाळीनंतर घरीच बनवला. आता मे महिना गेला, पावसाळाही सरत आला, तेव्हा बरंवाईट दोन्ही लिहिता येईल.

माझी टाकी तीन फुटी. तीन बाय दीड बाय दीड, म्हणजे भरून साधारण १९० लिटर. खालचा संप दोन बाय एक, उंची १५ इंच. तो मुळात कुणाची तरी गोड्या पाण्याची जुनी टाकी. मुंबईत जुन्या टाक्यांना तोटा नाही. घर बदलायची वेळ आली की सगळ्यात आधी माशांची टाकी विकायला निघते. पंप आणि स्किमर (पाण्यातली घाण फेसातून बाहेर काढणारं यंत्र) वेगळे धरले तर बाकी सगळं, म्हणजे जुनी टाकी, बॅफलच्या काचा (आत कप्पे पाडणाऱ्या पडद्या), सिलिकॉन, पाइप, व्हॉल्व, चार हजारांच्या आसपास बसलं. आत क्लाउनफिशची जोडी, एक गोबी मासा, थोडे खेकडे-गोगलगायी. प्रवाळ नाहीत. दगडी प्रवाळ आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा 'आतून' मिळवून देणाऱ्यांच्या नादी लागू नये.

आधी निकाल सांगतो: संप उत्तम चालतो. पण पैसे वाचतात ते काचेत. पाणी ज्या वाटेने खाली येतं आणि वर जातं, त्या वाटेत काटकसर करू नये.

बरेच जण प्लास्टिकच्या मोठ्या डब्याचा संप करतात. आणखी स्वस्त, पण डबा भरला की बाजू फुगतात आणि त्या प्लास्टिकला सिलिकॉन धरतच नाही, त्यामुळे आतल्या पडद्या आज ना उद्या सुटतात. काचेला काचच बरी. बॅफलसाठी काचवाल्याकडून ५ मिलिमीटरच्या काचा कापून घेतल्या, दोन्ही बाजूंना सिलिकॉन बसेल इतकं अंतर सोडून आणि कडा घासून. "आतली पट्टी कोण बघणार, घासून काय करायचंय?" असं तो म्हणालाच. पण हात रोज त्या पट्ट्यांमध्येच जातो, आणि कापलेल्या बोटाला खारं पाणी काय असतं ते वेगळं सांगायला नको.

सिलिकॉन घेताना मात्र डोळे उघडे ठेवायचे. बाथरूमसाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं, ते माशांना मारक. काचेचं साधं, व्हिनेगरसारखा वास मारणारं घ्यायचं, ट्यूबवर बुरशीविरोधी असं काही लिहिलेलं नाही ना ते बघून. जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही, म्हणून ब्लेडने आधीचा सगळा थर खरवडून काढायचा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळता येत नाही. दमट हवेत ते सुकेल का, असं सोसायटीतल्या प्रत्येकाने विचारलं. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, त्यामुळे इथे मुंबईची हवा आपल्या बाजूने आहे. तरीही मी आठवडाभर पाणी घातलं नाही.

आतली रचना सोपी आहे. पहिल्या कप्प्यात वरून येणारं पाणी फिल्टर सॉकमधून, म्हणजे मोज्यासारख्या कापडी गाळणीतून पडतं, तिथेच स्किमर. स्किमरला पाण्याची उंची कायम एकच लागते, म्हणून या कप्प्याची भिंत ८ इंचांवर ठेवली आणि पाणी तिच्यावरूनच पुढे जातं. मग पाणी एका काचेखालून आणि पुढच्या काचेवरून जातं, मधे इंचभर फट. बुडबुडे तिथेच वर निघून जातात. शेवटच्या कप्प्यात रिटर्न पंप, पाणी परत वर पाठवणारा. बाष्पीभवनाने पाणी कमी होतं ते याच कप्प्यात दिसतं, वरच्या टाकीची पातळी तसूभरही हलत नाही. संप नसताना टाकीच्या काचेवर मिठाची पांढरी रेघ चढत जायची, ती आता नाही.

पाणी खाली आणण्यासाठी टाकीला भोक पाडून घेतलं. काठावर टांगायचा ओव्हरफ्लो, म्हणजे वरचं पाणी ओढून खाली सोडणारा डबा, मिळतो, पण त्यातला सायफन (नळीतून आपोआप ओढला जाणारा प्रवाह) तुटला की पंप वर पाणी चढवतच राहतो आणि ते हॉलमध्ये उतरतं. भोक पाडण्याआधी काच टफन्ड (तापवून कडक केलेली) नाही ना, याची खात्री करा. टफन्ड काच ड्रिल लागताच चुरा होते. टँक निपल (भोकात पाइप घट्ट बसवायचा जोड) विकत घेऊन काचवाल्याच्या हातात द्यायचं आणि त्याच्या मापाचं भोक मागायचं, इंचांचे हिशोब सांगत बसायचं नाही. माझ्याकडे भोकं दोन: एक मुख्य, दुसरं थोडं वर, आणीबाणीचं. मुख्य पाइपवर व्हॉल्व आहे आणि तो इतका आवळायचा की पाइप पूर्ण पाण्याने भरून वाहतो. हवा आत शिरत नाही, म्हणून गुळगुळ आवाज येत नाही. वन बीएचकेत टाकीपासून चार हातांवर आई झोपते, त्यामुळे हा मुद्दा माझ्या लेखी स्किमरपेक्षा मोठा. यासाठी गेट व्हॉल्व हवा, बॉल व्हॉल्वला तेवढी बारीक फिरकी नसते. प्लंबिंगच्या दुकानात गेट व्हॉल्व म्हटलं की पितळी समोर येतो. तो नको. पितळेत तांबं असतं आणि तांब्याने खेकडे-गोगलगायी मरतात. पीव्हीसीचा शोधायला लागतो, महागही पडतो, पण घ्याच.

आता सगळ्यात महत्त्वाचं: संपात किती जागा रिकामी ठेवायची. वीज गेली की पंप थांबतो, आणि ओव्हरफ्लोच्या कडेवरचं पाणी आणि रिटर्नच्या नळीतून उलटं ओढलं जाणारं पाणी खाली येतं. तीन बाय दीडच्या टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे सव्वाचार लिटरच्या आसपास. रिटर्नचं तोंड दोन सेंटिमीटर बुडालेलं असेल तर साडेआठ लिटर, वर पाइपातलं वेगळं. दहा लिटर धरले तर माझ्या संपाची पातळी साडेपाच सेंटिमीटरने चढते. ३८ सेंटिमीटरच्या संपात मी पाणी २४ च्या वर जाऊ देत नाही. कपाट उघडून बघणारा प्रत्येक जण विचारतो की एवढी जागा वाया का घालवलीस. मुंबईच्या घरात रिकामी जागा दिसली की माणसाला काहीतरी ठेवावंसं वाटतंच! रिटर्नच्या नळीला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक भोकही आहे, पातळी उतरली की त्यातून हवा शिरते आणि उलटा सायफन तुटतो. त्या भोकात शेवाळ धरतं, टाचणीने साफ करत राहावं लागतं, त्यामुळे सगळा भरवसा त्याच्यावर नको.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रात्री वीज गेली तेव्हा टॉर्च घेऊन समोरच बसलो होतो. पाणी भराभर चढलं, मग मंद झालं, काचेवर मार्करने मारलेल्या खुणेच्या बोटभर खाली येऊन थांबलं. वर पाइपाने एक मोठी ढेकर दिली आणि शांत. खालच्या मजल्यावरच्या काकांना टाकी आणल्यापासून छताची काळजी आहे, जिन्यात भेटले की "मासे बरे आहेत ना?" असं विचारतात, पण डोळ्यांत छतच दिसतं.

उडालेलं पाणी भरायला आरओ फिल्टरमधला छोटा फ्लोट व्हॉल्व शेवटच्या कप्प्यात लावलाय, वर गोड्या पाण्याचा दहा लिटरचा कॅन. सेन्सरवाली यंत्रं मिळतात, पण हे फुकटात जमतं. कॅन मुद्दाम लहान. फ्लोट अडकून सगळा कॅन रिकामा झाला तरी एकूण २२० लिटरमध्ये खारटपणा हजारी ३५ वरून साडेतेहतीसवर येईल, मासे सोसतील. पन्नास लिटरचा ड्रम लावला तर अवघड. शिवाय ते जादा दहा लिटर मावायलाही जागा लागते, रिकाम्या जागेचं दुसरं कारण हेच.

मेमध्ये पाणी एकतिशीच्या वर जाऊ लागलं. पाणी थंड करणारा चिलर परवडत नव्हता, म्हणून संपावर कॉम्प्युटरचे दोन पंखे तिरके लावले. दोनेक अंश उतरलं, मात्र कॅन रोज भरावा लागला. पंखे गारवा देतात ते पाणी उडवून, त्यामुळे दमट हवेत त्यांची ताकद कमी पडते. जुलैत तर असून नसून सारखेच होते, पण तोवर हवाच खाली आली होती. मासे निभावतात, प्रवाळांचं या तापमानात निभलं नसतं.

बाकी किरकोळ. रिटर्न पंप ३० वॅटचा डीसी, चोवीस तास चालून महिन्याला २२ युनिटच्या आत. खोक्यावरच्या लिटरच्या आकड्यावर जाऊ नका, चार फूट चढवताना तो बराच घसरतो. टाकीच्या चार-पाच पट पाणी तासाला फिरलं की पुरे. दर दोन-तीन महिन्यांनी पंप खोलून पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये भिजत ठेवावा लागतो, नाहीतर इम्पेलरवर, म्हणजे पंपातल्या फिरत्या पात्यांवर, चुन्याचा थर बसतो. फिल्टर सॉक तीन-चार दिवसांनी धुवायचे, आणि याची घरात सगळ्यात जास्त कटकट आहे, कारण वास येतो आणि वॉशिंग मशीन सगळ्यांचं असतं.

खरा त्रास गंजाचा. मीठ कपाटात कुठेही पोचतं. साध्या बिजागऱ्या पावसाळ्याआधीच लाल झाल्या, स्टेनलेसच्या बसवल्या. नळीच्या क्लिपांचंही तेच. प्लाय मरीनचा, ७१० मार्कचा (पाण्याला टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक) होता म्हणून टिकला, पण कडांना जिथे लॅमिनेट नव्हतं तिथे फुगलाय. त्या कडा आता सुकवून, घासून इपॉक्सीने बंद करायच्या आहेत आणि एक्स्टेन्शन बोर्ड संपाच्या वरून काढून बाजूच्या भिंतीवर न्यायचा आहे, वायरचा झोका सॉकेटच्या खाली येईल असा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत पोचणार नाही. ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, आधीपासून आहे. खारं पाणी आणि वीज एका कपाटात ठेवायची तर त्याच्याशिवाय सुरुवातच करू नका.