मोठी संख्या फोडायला कॅसिओ एफएक्स-९९१ ईएस प्लस

मी लालबागला आठवी-नववीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. हा कॅल्क्युलेटर बहुतेक घरांत डिप्लोमा करणाऱ्या ताई-दादामुळे येतो. मी तो दादर पश्चिमेच्या एका स्टेशनरीच्या दुकानातून घेतला तो एका बटणासाठी. अंश-मिनिट-सेकंदाच्या बटणावर पिवळ्या अक्षरांत ‘फॅक्ट’ लिहिलेलं असतं, ते. संख्या टाकायची, बरोबरचं चिन्ह दाबायचं, मग शिफ्ट आणि फॅक्ट. मूळ अवयव घातांकांसकट समोर येतात.

मी सुरुवात करते ती १११११११११ पासून, नऊ वेळा एक. उत्तर: ३² × ३७ × ३३३६६७. लगेच कुणीतरी विचारतंच, ही शेवटची सहा आकडी संख्या मूळ कशावरून? प्रश्न अगदी रास्त आहे. हे यंत्र तीन आकडी मूळ अवयवांपर्यंतच शोधतं, म्हणजे ९९७ पर्यंत. त्यापुढची मूळ संख्या १००९. तेव्हा उरलेला भाग १००९ च्या वर्गाहून, १०१८०८१ हून, लहान असेल तर तो मूळच; संयुक्त असता तर त्याचा एखादा अवयव आधीच हाती लागला असता. ३३३६६७ चा प्रश्न तिथेच मिटतो.

आता १०२२११७ टाका. तीच संख्या कंसात परत येते. “बाई, कंसात आली म्हणजे मूळ ना?” नाही! ती १००९ × १०१३ आहे. कंस आला की वही-पेन काढायचं. मला या कॅल्क्युलेटरचं सगळ्यात आवडतं ते हे: आपली हद्द कुठे संपली ते तो दाखवतो, आणि तिथून पुढचं काम मुलांना करावं लागतं.

आणि मग त्या नऊ एकांचा वर्ग. स्क्रीनवर १.२३४५६७८९९ × १०^१६ दिसतं आणि मुलं हिरमुसतात. पण आत पंधरा आकडे धरलेले असतात. उत्तरातून १२३४५६७८९ × १०^८ वजा केलं की ८७६५४३०० उरतात. शेवटचे दोन आकडे यंत्राच्या हातून सुटलेले; मूळ संख्येच्या शेवटी ११, तेव्हा ते ११ × ११ = १२१ वरून आपण लावायचे, २१. संख्या पुरी झाली: १२३४५६७८९८७६५४३२१. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय कापरेकरांनी अशा संख्यांना ‘डेम्लो’ म्हटलं, ते जीआयपी रेल्वेवरच्या, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेवरच्या, एका स्टेशनावरून, म्हणजे आजच्या डोंबिवलीवरून. हे सांगितलं की मध्य रेल्वेची पोरं सरसावून बसतात.

सतरा आकडी संख्या फॅक्ट घेत नाही, त्याची मर्यादा दहा आकड्यांची. ती मला तोकडी वाटते. पण वर्गच असल्याने घातांक दुप्पट केले की काम होतं: ३⁴ × ३७² × ३३३६६७². प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणलं की विभाजकांची संख्या मिळते: ५ × ३ × ३ = ४५. अंकांची बेरीज ८१. दहा एक घेतले की हातचे येतात आणि ती सुरेख चढ-उतार मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१. तेही करून दाखवाच.

दहावीच्या बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे परीक्षेसाठी म्हणून घेऊ नका. संख्यांचं वेड असलेलं मूल घरात असेल तर जरूर घ्या. सौर पट्टी आणि सेल दोन्ही आहेत. दुकानात खोक्यातून काढून फॅक्टचं बटण आधी बघून घ्या. स्वस्तातल्या साध्या मॉडेलांवर ते असेलच असं नाही.