‘म्युझिक’: द्रवाचा हिशेब चोख, पण आधीचे आणि नंतरचे तुम्हीच पाहायचे

सोन्याची किंवा शिशाची अणुकेंद्रे प्रकाशाच्या जवळपास वेगाने एकमेकांवर आदळली की क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्माचा, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनमधून सुटलेल्या क्वार्क आणि ग्लुऑन या मूलकणांच्या द्रवाचा, एक थेंब तयार होतो. प्रकाशाला तो थेंब ओलांडायला जेवढा वेळ लागेल, साधारण तेवढाच काळ तो टिकतो. या थेंबाचे प्रसरण आपेक्षिकीय द्रवगतिकीच्या (सापेक्षतावादाला धरून द्रवाची हालचाल मांडणाऱ्या शास्त्राच्या) समीकरणांनी सोडवणारी ‘म्युझिक’ ही संगणक प्रणाली ब्योर्न शेंके, सांगयाँग जॉन आणि चार्ल्स गेल यांनी २०१० मध्ये मांडली. श्यानता, म्हणजे द्रवाचा चिकटपणा, त्यात नंतर आली. प्रणाली सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली असून सर्वांसाठी खुली आहे.

तिची खरी ताकद खडबडीत सुरुवात पचवण्यात आहे. प्रत्येक टकरीत न्यूक्लिऑन (केंद्रातील प्रोटॉन आणि न्यूट्रॉन) वेगळ्या जागी असतात, त्यामुळे ऊर्जेचे वाटप गुठळ्यागुठळ्यांचे होते. अशा तीव्र उतारांवर साध्या पद्धती खोट्या लहरी निर्माण करतात, पण येथे वापरलेली कुर्गानोव्ह-टॅडमोर ही गणनपद्धत त्या आटोक्यात ठेवते. मी प्रथम अनेक टकरींची सरासरी काढून गुळगुळीत केलेले वाटप दिले, तेव्हा लंबवर्तुळी प्रवाह (कण दोन विरुद्ध दिशांना अधिक जाणे) मिळाला, मात्र त्रिकोणी प्रवाह (तीन दिशांना अधिक जाणे) जवळजवळ शून्य आला. मग एकेक टक्कर स्वतंत्रपणे चालवली आणि तोच त्रिकोणी प्रवाह स्पष्ट दिसू लागला. त्यानंतर श्यानता आणि एंट्रॉपी-घनता (एकक आकारमानातील एंट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचे माप) यांचे गुणोत्तर ०.०८ वरून ०.१६ केले, तर त्रिकोणी प्रवाह लंबवर्तुळी प्रवाहापेक्षा ठळकपणे अधिक घटला. बारीक रचना श्यानतेने आधी पुसली जाते, हे वाचून माहीत असणे वेगळे आणि आपल्या आलेखात उतरलेले पाहणे वेगळे.

तरीही एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. मोजलेल्या प्रवाहाशी जुळवून काढलेले श्यानतेचे मूल्य एकट्या ‘म्युझिक’चे नसते. सुरुवातीचे वाटप न्यूक्लिऑनच्या टकरी मोजणाऱ्या ग्लाउबर प्रतिमानातून घेतले की ग्लुऑनच्या क्षेत्रांवर आधारलेल्या आयपी-ग्लास्मा प्रतिमानातून, यावर ते मूल्य बदलते, आणि द्रवगतिकी कोणत्या क्षणापासून लागू धरायची हा निर्णयही वापरणाऱ्याचाच असतो. ही निवड न सांगता केवळ आकडा मांडणारे शोधनिबंध मला अपुरे वाटतात.

शेवटचा टप्पा सर्वांत नाजूक आहे. थेंब थंड झाल्यावर कूपर-फ्राय सूत्राने द्रवाचे कणांत रूपांतर होते आणि श्यानतेमुळे कणांच्या वितरणात दुरुस्ती करावी लागते. कणाचा आडवा (टकरीच्या दिशेला लंब असलेला) संवेग वाढतो तशी ही दुरुस्ती मूळ वितरणाच्या बरोबरीला येऊ लागते. मग गणित चालू राहते, अर्थ मात्र सुटतो. म्हणून प्रयोगाशी तुलना करताना मी आडव्या संवेगाच्या साधारण २ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपाशी थांबतो, त्यापुढचा वक्र कितीही सुरेख जुळत असला तरी.