स्क्रॅपबुक किट घेताय? आधी फोटो कॉर्नर आहेत का बघा

रविवारी पाऊस काही केल्या थांबेना, बाहेर जायचं रद्द झालं, म्हणून कपाटावरची जुन्या फोटोंची पेटी खाली काढली आणि दोन महिने तसंच पडून असलेलं स्क्रॅपबुक किट एकदाचं उघडलं. आई, मी आणि माझी नऊ वर्षांची लेक, तिघी चटई टाकून बसलो. दुपारी दोनला बसलो ते सात वाजले तरी उठायचं मन होईना, आणि पानं झाली किती तर सहा! पण ती सहा पानं बघून इतकं बरं वाटलं की म्हटलं याच्यावर नीट लिहायचंच. ब्रँडचं नाव सांगत बसत नाही, कारण कुठलंही किट घेतलं तरी काय बघायचं ते जास्त महत्त्वाचं आहे.

किटमध्ये 12 बाय 12 इंचाचा अल्बम, 20 जाड पानं, प्रत्येक पानाला पारदर्शक कव्हर, फोटो कॉर्नरची (म्हणजे फोटोचे कोपरे अडकवायच्या, पानाला चिकटणाऱ्या छोट्या खिशांची) पाकिटं, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, रंगीत कागद, लिहायला छोटी कार्डं, एक काळं पेन आणि भरपूर स्टिकर्स. स्टिकर्स मला अजिबात आवडले नाहीत, सगळे चकचकीत आणि मोठे, जुन्या फोटोशेजारी ठेवले की फोटोकडे लक्षच जात नाही. ते सगळे लेकीला देऊन टाकले.

खरी किंमत आहे ती फोटो कॉर्नरची. का ते सांगते. आमचा लहानपणीचा अल्बम होता तो चिकट पानांचा, वर प्लास्टिकची फिल्म असलेला, 70-80 च्या दशकात घरोघरी असायचा तसला. इतक्या वर्षांत त्याचा गोंद पिवळा पडलाय आणि फोटो पानाला असे घट्ट बसलेत की ओढले तर फाटतीलच. शेवटी दात साफ करायचा धागा, म्हणजे डेंटल फ्लॉस, फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा पुढेमागे करत सरकवला. आजोबांचा सायकल धरून उभा असलेला एक फोटो काढायला मला वीस मिनिटं लागली, आई शेजारी श्वास रोखून बसलेली. सुटला तेव्हा मागे आजीच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं, "नवी सायकल, पहिला दिवस". एवढी वर्षं तो फोटो आम्ही बघतोय पण हे कोणालाच माहीत नव्हतं! मग आईला आठवायला लागलं, की त्या दिवशी आजोबांनी तिला पुढच्या दांड्यावर बसवून फिरवलं होतं आणि उतरल्यावर पाय बधिर झालेले. मी ते तिच्याच शब्दांत कार्डावर लिहून घेतलं. फोटो कॉर्नरमध्ये बसवलाय, कधीही बाहेर काढा, मागचं वाचा, परत ठेवा. गोंद लावला असता तर आजीचं अक्षर पुन्हा गेलंच असतं.

चिकटवायची ही कटकट तशी जुनीच, मार्क ट्वेनने 1873 मध्ये आधीच गोंद लावलेल्या पानांच्या स्क्रॅपबुकचं पेटंट घेतलं होतं, पान फक्त ओलं करायचं आणि कात्रण लावायचं. कात्रणांना ठीक आहे ते, पण मूळ फोटोला गोंद किंवा टेप लावू नका एवढंच माझं म्हणणं. किटमधली टेप आम्ही रंगीत कागदाला आणि कार्डांना वापरली, तिथे ती छान चालते.

पानं अ‍ॅसिड फ्री आणि लिग्निन फ्री आहेत, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं, नसेल तर घेऊ नका. लिग्निन हा लाकडातलाच घटक, उजेड आणि हवा लागली की कागद पिवळा करतो, जुनं वर्तमानपत्र आठवा. म्हणूनच पेपरातलं कात्रण थेट न लावता त्याची चांगल्या कागदावर कॉपी काढून लावली. कव्हर पॉलिप्रॉपिलीनची आहेत तेही बरं, पीव्हीसीची नकोत, नव्या रेनकोटसारखा वास आला की समजायचं, त्यातली रसायनं बाहेर येऊन फोटोला चिकटतात. आणि फोटोग्राफिक अ‍ॅक्टिव्हिटी टेस्ट पास असं लिहिलेलं मिळालं तर डोळे झाकून घ्या, फोटोच्या संपर्कात राहणाऱ्या कागद-गोंदासाठीच असते ती.

आता पावसाची गोष्ट, कारण इथे माझी एक चूक झाली. पेन चांगलं आहे, पिगमेंट शाईचं, वाळल्यावर पाण्याचा थेंब टाकून बघितला, शाई फुटली नाही. पण दमट हवेत वाळायला वेळ लागतो आणि मी घाईत पान लगेच कव्हरमध्ये सरकवलं, तर तारखेची ओळ पुसली गेली. त्यात जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो, तो हवेतला ओलावा ओढून चिकट होतो आणि फोटो एकमेकांना किंवा फ्रेमच्या काचेला चिकटतात. फोटोंना 30 ते 50 टक्के आर्द्रता बरी असते म्हणतात, पावसाळ्यात ती कुठली एवढी कमी! त्यामुळे पावसात बसून फोटो निवडा, कोण कुठलं ते विचारा, लिहा, कॉर्नर लावा, पण कव्हरमध्ये घालून अल्बम बंद करायचं काम एखाद्या कोरड्या दिवशी करा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. फोटोच्या मागे लिहायचं असेल तर मऊ पेन्सिल, कडेला, अजिबात दाब न देता, बॉलपेनचा उठाव पुढे दिसतो.

अजून एक, रंगीत फोटोंचे रंग अंधारात ठेवले तरी हळूहळू उडतातच आणि थर्मल कागदावरची तिकिटं तर कोरी होऊन जातात, म्हणून अल्बममध्ये लावायच्या आधी सगळं 600 डीपीआयला स्कॅन करून ठेवलं.

पाचपैकी चार मार्क देईन. अर्धा स्टिकर्ससाठी कापला आणि अर्धा अल्बमच्या स्क्रूसाठी, फार आखूड आहेत, पानं वाढवली की पुरत नाहीत, लांब स्क्रू वेगळे घ्यावे लागतात. मी ते आणि जादा पानं दोन्ही मागवलंय, कारण आईने कालच पेटीतलं दुसरं पाकीट उघडून तिच्या शाळेतले फोटो चटईवर मांडून ठेवलेत.